दोन मदरबोर्ड आणि तांडेलाची चार पानं

सोमवारी सकाळी कॉम्प्युटरच्या बाजूचा लाल खटका वर केला. आतला पंखा फिरला. पण रोज येणारा बारीकसा आवाज आला नाही, आणि पडद्यावर पिवळी अक्षरं उमटली नाहीत. खटका खाली केला, पन्नास आकडे मोजले, पुन्हा वर केला. पंखा फिरला, पडदा काळाच. असं मी अकरा वेळा केलं. बाराव्या वेळी लक्षात आलं की आपण टेबलाची कड घट्ट धरून उभ्या आहोत आणि खटक्यापर्यंत हात जात नाहीये.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. आमच्या संघटनेसाठी मी लिहिलेल्या प्रत्येक पत्रकात कुठे ना कुठे ‘भिऊ नका’ असं असायचं. ते मी दुसऱ्यांसाठी लिहीत होते, हे त्या आठवड्यात मला कळलं.

पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी पूर्णगडच्या एका बाईच्या भरपाईच्या अर्जाची चौकशी होती. तिचा नवरा खलाशी. नारळी पौर्णिमेनंतर पहिल्याच फेरीला गेलेली त्यांची होडी बुडाली. वादळ नव्हतं, वारा नव्हता. बुडाकडून पाणी शिरलं आणि होडी खाली गेली. बाकीचे पोहून वाचले, तो एकटा राहिला. मालकाचं म्हणणं असं की होडी ठणठणीत होती, याच खलाशाने पाणी उपसायचं काम टाळलं. वाचलेले सगळे त्याच मालकाच्या दुसऱ्या होडीवर कामाला लागले होते, त्यामुळे त्यांचंही म्हणणं तेच.

हे खोटं आहे असं सांगणारा एकच माणूस होता, त्या होडीचा आधीचा तांडेल. होडी त्याच्या हुकमाने चालायची. पौर्णिमेच्या आधी त्याने मालकाला तोंडावर सांगितलं होतं की बुडाचं लाकूड कुजलंय, ही होडी मी पाण्यात घालणार नाही. मालकाने दुसरा तांडेल नेमला. भाद्रपदात मी या म्हाताऱ्याच्या पडवीत बसून त्याचं सगळं बोलणं फुलस्केपच्या चार पानांवर उतरवून घेतलं आणि खाली त्याचा अंगठा घेतला. दिवाळीनंतर तो तापाने गेला.

पण त्या चार पानांत आणखी एक माणूस होता, जिवंत. मालकाशी बोलायला जाताना तांडेलाने होड्या बांधणारा एक सुतार बरोबर नेला होता. त्या सुताराने बुडाच्या लाकडात पटाशी घालून कूज दाखवली होती. त्याचं नाव आणि गाव पानांत होतं. मला एवढंच आठवत होतं की तो बुरोंडीचा किंवा जयगडचा. नाव आठवत नव्हतं. तांडेलाची बायको आधीच गेलेली, मुलगा लहानपणापासून मुंबईला, त्याला बापाचे सोबती ठाऊक नव्हते. त्या बाईलाही सुताराबद्दल काही माहीत नव्हतं. ती माझ्या भरवशावर होती.

आणि ती चार पानं आता नव्हती. मजकूर होता तो फक्त त्या काळ्या पडद्याच्या पेटीत.

पानं कशी गेली ते सांगायला मला अजून लाज वाटते. माझे वडील, त्यांना सगळे आबा म्हणत, चाळीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवणारे कंपोझिटर होते. मी वाचायला शिकले ती त्यांनी घरी आणलेल्या पत्रकांवर. सभांची, संपांची, पाणीटंचाईची पत्रकं, कुठे शाई फुटलेली, कुठे ओळ उलटी लागलेली. आमच्या घरात पाठकोरा कागद कधी टाकला जात नसे. कपाटाच्या मधल्या फळीवर त्याचा गठ्ठा असायचा. एका बाजूने लिहिलेला कागद त्या फळीवर ठेवला, की याचं काम झालं, आता मागे छापायला हरकत नाही, असा त्याचा अर्थ. हा नियम मी चालायला लागल्यापासून पाळत होते.

तांडेलाची पानं मी कॉम्प्युटरवर उतरवली. त्यात मराठी अक्षरं उमटत नव्हती, म्हणून मराठीच इंग्रजी अक्षरांत टाइप केली. प्रिंटरची रिबन सुकली होती, म्हणून छापलं नाही. फ्लॉपीवर एक प्रत घेतली, तिला पावसाळी हवेत बुरशी धरली. टाइप करून झाल्यावर मी उठले आणि हातातली पानं सवयीने मधल्या फळीवर ठेवली. पुढे आम्ही नादुरुस्त होड्यांविरुद्धच एक पत्रक सायक्लोस्टाइलवर काढलं तेव्हा कागद कमी पडला, आणि आबांनी गठ्ठ्यातले वरचे कागद घेतले. ती पत्रकं मीच मिरकरवाड्याच्या बंदरावर वाटली. तांडेलाचं बोलणं, त्याच्या अंगठ्यासकट, मी माझ्या हाताने चार अनोळखी माणसांना दिलं.

हे मला त्या सोमवारी कळलं, कॉम्प्युटर बंद पडल्यावर फळीवर पानं शोधताना.

“आबा, इथले वरचे कागद?”

“छापले की गो गेल्या महिन्यात. का?”

“काही नाही,” मी म्हणाले.

दिवसभर मला दोन भीत्या होत्या आणि त्या आळीपाळीने येत होत्या. एक, की सुताराचं नाव कायमचं गेलं. दुसरी, की चारांतलं एखादं पान मालकाच्या हाती पडलंय, आणि सुताराचं नाव आपल्याआधी त्याला कळलंय.

मी जयगडला किंवा बुरोंडीला जाऊन सरळ विचारत का फिरले नाही? तेव्हा मी मनाशी म्हणत होते की गावोगाव विचारलं तर मालकाच्या कानावर जाईल. खरं कारण वेगळं होतं. विचारायला जायचं म्हणजे पानं हरवली हे कबूल करायचं.

कॉम्प्युटर माझ्या भावाचा. तो बोटीवर रेडिओ ऑफिसर, तीन वर्षांपूर्वी सिंगापूरहून दोन खोक्यांतून घेऊन आला होता. तेव्हा आळीतली माणसं बघायला यायची. आता तो जुना झाला होता आणि भाऊ कुठल्या तरी समुद्रावर होता. मंगळवारी पेटी, पडदा आणि कीबोर्ड चादरीत गुंडाळून रिक्षाने रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानात नेली. रत्नागिरीत त्या वेळी एवढाच उपाय होता.

त्याने स्क्रू काढले, झाकण उचललं आणि आत वाकून पाहिलं.

“हा कधी उघडलेला?”

“कधीच नाही.”

“मग तीन वर्षांचा समुद्र आत आलाय बघ.”

तळाला एक मोठी हिरवी पाटी होती, मदरबोर्ड. तिच्यावरच्या काळ्या चिपांच्या पायांशी तांब्याच्या न घासलेल्या भांड्यावर येतो तसला पोपटी फुलोरा आला होता. त्याने ब्रश फिरवला तर एक पाय तुटून ब्रशाबरोबर आला.

“खाऱ्या हवेनं खाल्ला. टीव्हीचं पण असंच होतं. फक्त टीव्ही मला कळतो.”

“आणि हे कळत नाही?”

“आतापर्यंत दोन उघडले. एक चालू झाला.”

“दुसरा?”

“दुसरा मुंबईला मेव्हण्याकडे पाठवला. तो यातलाच आहे.”

मला पेटी तशीच उचलून पळावंसं वाटलं. पण पळून कुठे जाणार? मी विचारलं, “यात लिहिलेलं सगळं कुठे असतं? या पाटीवर?”

“नाय गो. ते त्या डिस्कमध्ये.” पुढच्या कोपऱ्यात विटेएवढा काळा लोखंडी ठोकळा होता. त्याने खटका वर केला. “कान लाव. फिरतेय ना? म्हणजे ती जिवंत आहे. पाटी मेलीय. पाटी बदलायची.”

मी त्या ठोकळ्याला कान लावला. आत एकसारखी घरघर येत होती. तांडेल तिथे होता, आणि मला त्याच्याशी बोलता येत नव्हतं.

त्याने मुंबईला मेव्हण्याला फोन लावला. मेव्हणा शुक्रवारी सकाळी इथे पोचणाऱ्या एसटीने ड्रायव्हरबरोबर पाटी पाठवेल असं ठरलं.

बुधवारी ती बाई घरी आली. मासे विकायला रत्नागिरीला आली की ती आमच्या पायरीवर टेकायची, आत यायची नाही, अंगाला वास येतो म्हणायची. मी तिला वहिनी म्हणत असे. तिने डोक्यावरची माशांची पाटी उतरवली आणि पाणी मागितलं.

“काय गो बाय, तोंड कशाला उतरलंय?”

“जागरण झालं.”

“लिहितेस किती. डोळे जातील.” पाणी पिऊन तिने तांब्या उलटा ठेवला. “त्या तांडेलाचं सगळं नीट हाय ना ठेवलेलं?”

“आहे,” मी म्हणाले.

“कपाटात कुलपात हाय?”

“हो.”

“मी आपली विचारते. मालकाचा माणूस काल आलेला. म्हणतो, म्हातारा मेला, आता कोण बोलणार तुझ्याकडून? मी म्हटलं, आमच्या बायकडे लिवलेलं हाय. मग गेला.”

ती पाटी डोक्यावर चढवून निघून गेली. मी पायरीवर बसून राहिले. मी एका बाईशी सरळ खोटं बोलले होते, आणि ती त्या खोट्याच्या जोरावर मालकाच्या माणसाला परतवून आली होती.

शुक्रवारी दहाच्या सुमाराला दुकानात गेले तर काउंटरवर एक नाही, दोन पाट्या होत्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या.

“मेव्हण्यानं दोन दिल्यात,” रेडिओवाला म्हणाला. “एक ठेवायची, एक चारच्या गाडीनं परत. तोच ड्रायव्हर घेऊन जाणार. बघ.”

पहिली नवी कोरी. तिच्यावर धूळसुद्धा नव्हती, चिपा मोठ्या, खाचा लांब. मेव्हण्याने चिठ्ठीत लिहिलं होतं की ही पुढच्या पिढीची आहे, तुमच्या मशीनपेक्षा कितीतरी वेगाने धावेल, आणि हमखास चालेल. दुसरी आमच्यासारखीच, कुठल्या तरी ऑफिसच्या यंत्रातून काढलेली. तिच्यावर दोन ठिकाणी हाताने वितळवून लावलेल्या शिशाच्या डाखाचे ठिपके होते आणि एका कोपऱ्यात तपकिरी डाग. चिठ्ठीत तिच्याबद्दल एकच ओळ होती: चालली तर चालली.

माझा हात आधी नवीवर गेला. माझा सगळा स्वभावच तसा होता. जुनं म्हणजे ज्यांच्या सोयीचं आहे त्यांनी टिकवलेलं, असं मी भाषणांत सांगायचे. शिवाय हमखास हा शब्द त्या आठवड्यात मला दुसऱ्या कोणी ऐकवला नव्हता.

“हीच घे,” रेडिओवाला म्हणाला. “त्या दुसरीला मी हात लावायचा म्हटलं तरी भीती वाटते. लावली आणि जळली तर आणखी काय काय घेऊन जाईल, नेम नाही.”

“नवी लावली की आत लिहिलेलं दिसेल ना?”

त्याने चिठ्ठी पुन्हा वाचली. “तो म्हणतो, हिच्याबरोबर डिस्क पाटीला जोडतं ते कार्ड पण नवं लागेल. ते सोमवारी पाठवतो. मग डिस्क फॉरमॅट करायची की झालं.”

“फॉरमॅट म्हणजे?”

“म्हणजे कोरी करायची. काही अडचण नाही, मी करून देईन. एकदम नव्यासारखी होईल.”

तो हे अगदी चांगुलपणाने म्हणाला. पितळेचं भांडं कल्हई करून देतो म्हणावं तसं. मी विचारलं नसतं तर? मी फक्त ‘ठीक आहे, हीच लावा’ म्हणून घरी गेले असते तर सोमवारी त्याने मला हसत हसत कोरी डिस्क दिली असती.

“जुनं कार्ड या नव्या पाटीत बसत नाही?”

त्याने आमच्या यंत्रातलं कार्ड काढून नव्या पाटीच्या खाचेत लावून पाहिलं. ते बसलं. कीबोर्डचं गोल टोक लावलं, तेही बसलं. “बसतंय की,” तो म्हणाला. “मग कदाचित चालेल पण. लावून बघायचं?”

“नको. दोन वाजेपर्यंत काही लावू नका. शपथ आहे तुम्हाला.”

शपथा घालणं ही अंधश्रद्धा आहे असं मी त्याच वर्षी एका पत्रकात लिहिलं होतं.

घरी येऊन मी भावाच्या ट्रंकेतलं यंत्राचं पुस्तक काढलं. पातळसं, वाईट इंग्रजीत छापलेलं, कोणीतरी घाईत लिहिलेलं. कोश मांडीवर घेऊन मी कीबोर्डचं पान वाचलं. त्यात होतं की हा कीबोर्ड याच जातीच्या पाटीला चालेल, पुढच्या पिढीच्या पाटीला टोक बसलं तरी चालणार नाही. डिस्कच्या पानावर होतं की एका कार्डाने लिहिलेली डिस्क दुसऱ्या प्रकारच्या कार्डाला वाचता येईलच असं नाही. जुनं कार्ड नव्या पाटीत चालेल का, याबद्दल एक शब्द नव्हता. वीजपुरवठ्याच्या पानावर एक चौकट होती: पाटीला दोन शेजारी टोकं लावायची असतात, ती उलटसुलट कशीही बसतात, पण दोन्हींच्या काळ्या तारा मध्ये एकत्र आल्या नाहीत तर पाटी जळेल. ती चौकट मी चार वेळा वाचली. बारा वाजून गेले होते.

आबा जेवायला हाक मारत होते. मी गेले नाही, म्हणून ते आले.

“काय झालंय तुला सोमवारपासून?”

मी सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. फळीचं सांगताना त्यांच्याकडे बघता आलं नाही. आबांनी चाळीस वर्षांत कुणाचा मजकूर हरवला नव्हता. लोक घरची एकुलती एक प्रत त्यांच्या हाती देऊन निर्धास्त परत जायचे.

ते माझ्यासमोर खाली बसले. मग म्हणाले, “म्हणजे ते मी छापलं.”

“मी ठेवलं होतं आबा. फळीवर.”

“मी मागची बाजू वाचायला हवी होती. वाचली नाही. फळीवरचं होतं ना.” त्यांनी चष्मा काढून ठेवला. “त्या दोन पाट्यांचं पुन्हा सांग.”

मी पुन्हा सांगितलं. बसणं आणि चालणं वेगळं, एवढंच मला कळलंय, पण काय निवडायचं ते कळत नाही, म्हणाले.

“हे आमच्यात रोजचं होतं,” आबा म्हणाले. “दोन कारखान्यांचा टाइप. दिसायला एक, मापाला एक, ओळीत बसतो झक्क. पण उंचीत केसाएवढा फरक. छापायला घेतलं की निम्मी अक्षरं उठतच नाहीत. म्हणून एकदा जुळवलेल्या मजकुरात मी दुसऱ्या कारखान्याचा खिळा कधी घातला नाही. त्याच घरचा झिजका घातला. झिजका फिका उठतो, पण उठतो.”

“आणि ती जुनी जळली तर?”

“तर पाटी जळेल. डिस्क जळेल का?”

मी पुस्तक चाळलं. डिस्कला वीज वेगळ्या तारेने जाते, असं चित्रात दिसत होतं. “बहुतेक नाही.”

“मग भीती कुठली मोठी ते तूच बघ,” असं म्हणून त्यांनी टोपी घातली.

“जेवण?”

“येतो. बंदरावर जाऊन येतो. चारच कागद आहेत ना.”

सत्तरीचा माणूस भर दुपारी वाटलेली पत्रकं परत मागायला निघाला. मी अडवायला हवं होतं. नाही अडवलं.

दोनला मी दुकानात गेले आणि जुनी ठेवा म्हटलं. रेडिओवाल्याने माझ्याकडे पाहिलं, मग नवी पाटी नीट गुंडाळून बाजूला ठेवली. “बघ हं. चारला ड्रायव्हर ही घेऊन गेला की मागे फिरता यायचं नाही.”

“माहीत आहे.”

“माझ्याकडून काही झालं तर?”

“तुम्ही तारा लावा, मी पुस्तकातून सांगते. माझ्याकडून झालं असं म्हणू.”

पाटीवर आठ बारीक पांढरे खटके असतात, दाताएवढे. यंत्रात काय काय जोडलंय हे पाटीला त्यावरून कळतं. आमच्या मेलेल्या पाटीवर ते कसे आहेत ते मी कागदावर लिहून घेतलं, वर, खाली, खाली, वर. त्याने टाचणीने मुंबईहून आलेल्या पाटीवर तसे केले. काळ्या तारा मध्ये. मी तीनदा बघितल्या, त्याने दोनदा. कार्डं बसवली. मग तो दारापर्यंत मागे सरकला आणि म्हणाला, “तू लाव खटका.”

मी लावला. पंखा फिरला. आणि यंत्राने आवाज दिला, एक लांब, दोन आखूड. पडदा काळाच.

“बंद कर, बंद कर,” तो म्हणाला. मी आधीच बंद केलं होतं. नाकाशी काही जळल्याचा वास येतोय असं वाटत होतं, पण तो डाखाचा होता, दुकानातला रोजचा. बोर्ड मेला असता तर आवाज आला नसता, असं मी मोठ्याने म्हणाले, त्याला पटवण्यासाठी की मला, माहीत नाही. कागद घेऊन पुन्हा एकेक खटका ताडून पाहिला. सहावा अर्ध्यावर अडकला होता. त्याने टाचणीने ढकलला.

या वेळी पडद्यावर आकडे चढत गेले, आणि थांबले, आणि खाली आलं: १७०१.

पुस्तकात १७०१ शोधायला लागला तेवढ्या वेळात मी जितकी घाबरले तितकी त्याआधी कशालाच घाबरले नव्हते. एक ओळ होती: डिस्क सापडत नाही, तारा तपासा. डिस्कला दोन पट्ट्या जातात, एक रुंद, एक अरुंद. अरुंद पट्टी कार्डाच्या टोकावर तिरकी बसली होती. ती काढून सरळ बसवल्यावर रेडिओवाल्याने ती पुन्हा काढली आणि पुन्हा बसवली. सोमवारपासून मी एकटीच घाबरलेली होते, आता आम्ही दोघं होतो. त्याने मला पाणी दिलं आणि स्वतः आधी प्याला.

तिसऱ्यांदा आकडे चढले. मग डिस्कने तिची ती खरखर केली, आणि डाव्या कोपऱ्यात एक अक्षर आणि पुढे लुकलुकणारी रेघ आली.

मी फाइल उघडली. तांडेलाचं बोलणं इंग्रजी अक्षरांत, माझ्याच चुकांसकट, वर सरकू लागलं. मी रेडिओवाल्याकडून कोरा कागद मागून घेतला आणि उभ्या उभ्या उतरवायला लागले, आधी सुताराचं नाव. तो बुरोंडीचा होता. नंतर सगळं, पहिल्या ओळीपासून. पाटीवरचा तपकिरी डाग हळूहळू गरम होत होता, मी अधूनमधून हात लावून बघत होते, आणि हात चालवत होते. चारला ड्रायव्हर येऊन नवी पाटी घेऊन गेला. पाऊण तासाने शेवटची ओळ उतरली. तिसऱ्या दिवशी ती जुनी पाटीही मेली, पण ते पुढचं.

संध्याकाळी आबा परत आले. बंदरावर लोकांनी त्यांची बरीच थट्टा केली होती. “आबा, वाटलेलं परत घेतात होय? आता मत पण परत मागाल,” असं कोणीतरी म्हणालं होतं. त्यांना चारातलं एकच सापडलं, बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीवर खळीने डकवलेलं. तांडेलाच्या मजकुराची बाजू भिंतीकडे. ओलं करून सोडवलं तेव्हा अक्षरं भिंतीवर राहिली होती. बाकी तीन कुठे गेली ते आजपर्यंत कळलेलं नाही.

रविवारी पहाटेच्या दापोली गाडीला ती बाई माझ्याबरोबर आली. रत्नागिरी मागे पडल्यावर मी तिला सांगितलं. बुधवारी खोटं बोलले तेही. ती खिडकीबाहेर बघत ऐकत होती.

“त्या दिवशीच सांगायचंस,” ती म्हणाली. “मी गेले असते ना विचारत. बुरोंडीत माझी मावसबहीण दिलेली हाय.”

मी मांडीवरची पिशवी सारखी केली.

“तुला वाटलं, हिला सांगितलं तर ही रडत बसेल.”

“नाही. मला वाटलं तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवणार नाही परत.”

“आता पण कुठं ठेवलाय,” ती म्हणाली, आणि पदरातली चपाती काढून अर्धी मला दिली.

सुतार बुरोंडीच्या किनाऱ्यावर एका उलट्या घातलेल्या होडीच्या फटींत कापूस ठोकत होता. आम्ही कोण ते सांगितल्यावर त्याने हातोडी खाली ठेवली नाही. ठोकता ठोकता म्हणाला, “तांडेल म्हणालेला, कोणतरी बाई येईल म्हणून. दसरा गेला, दिवाळी गेली. मला वाटलं, मी नको असेन तुम्हाला.”

“तुमच्याकडे दुसरं कोणी आलं होतं का? मालकाकडून?”

“गेल्या आठवड्यात. काम द्यायला आलेला. दोन होड्या दुरुस्त करायच्या म्हणाला.”

म्हणजे एक पान पोचलं होतं. किंवा मालकाला तो आधीपासून आठवत होता. पायाखालची वाळू ओली आणि गार होती आणि मला थंडी वाजायला लागली. मी विचारलं, “घेतलंत काम?”

“अजून हो म्हटलं नाही.” त्याने बाईकडे पाहिलं. “पोरं किती?”

“दोन.”

त्याने आणखी एक फट भरली. मग म्हणाला, “बुधवारी किती वाजता?”

बुधवारी तो आला. पहाटेपासूनच्या प्रवासाने कपडे चुरगळलेले, पटाशी पिशवीत घेऊन, कुणी विचारलं तर दाखवायला. चौकशी करणाऱ्या साहेबांनी मी उतरवलेली पानं हातात घेतली आणि मूळ कागद कुठे म्हणून विचारलं. मालक समोरच्या खुर्चीवर होता. मी उभी राहिले आणि मूळ कागद माझ्या चुकीने गेले असं सांगितलं. आवाज इतका बारीक निघाला की साहेबांनी पुन्हा विचारलं, आणि मला ते दुसऱ्यांदा, मोठ्याने, सगळ्यांसमोर म्हणावं लागलं. मालकाच्या माणसांत कोणी तरी हसलं. साहेबांनी माझी पानं बाजूला सारली. मग त्यांनी सुताराला बोलावलं.

त्याने दीड तास सांगितलं. मी उतरवलेल्या मजकुरात कूज मधल्या लाकडाला होती. तो म्हणाला, नाही, मागच्या सांध्याला, वल्हं मारणाऱ्याच्या पायाखाली, पटाशी मुठीपर्यंत गेली. तांडेलाने बरोबर सांगितलं असणार, उतरवताना मीच चुकले असणार. निकाल चैत्रात आला आणि तो त्या बाईच्या बाजूने होता. पण त्या दिवशी ते कुणालाच माहीत नव्हतं. मालक निघून गेला, जाताना सुताराशी दोन शब्द बोलला, काय ते आम्हाला ऐकू आलं नाही, आणि सुताराने सांगितलंही नाही.

मी कारकुनाला विचारलं, सुताराच्या जबाबाची प्रत आज मिळेल का. तो म्हणाला, टाइप व्हायला वेळ आहे, उद्या या. मी घरी न जाता बाहेरच्या बाकावर बसले, प्रत हातात पडेपर्यंत. थोड्या वेळाने ती बाई येऊन शेजारी बसली, मग सुतारही. आत टाइपरायटर चालू झाला. तो थांबला की आम्ही तिघंही दाराकडे बघत होतो.